उजव्या बाजूचा फोटो

बाबांच्या तोंडात दोन बोटं जेमतेम जायची. तीन जायला हवीत, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, स्वतःचीच तीन बोटं एकावर एक धरून. शिवाय डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. त्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायचा, दहा मिनिटांचं काम, असं त्या म्हणाल्या. बाबा म्हणाले, "हो हो, येतो ना मंगळवारी." मग बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवरच खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली.

मी तिथेच, भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडले. दोन रिक्षावाले वळून बघायला लागले. बाबांनी शांतपणे पन्नी चोळली, सुपारी-तंबाखू-चुन्याची ती चिमूट गालात सरकवली आणि म्हणाले, "चाल आता. ऊन होऊन राहिलं."

मंगळवार आला आणि गेला. त्या वर्षात असे पुष्कळ मंगळवार गेले.

बाबा रेल्वेत होते. गोंदियाहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. पण खर्रा काही त्यांनी बदलला नाही. स्टेशनजवळ भंडाऱ्याकडच्या एका माणसाची पानटपरी होती, तिथे त्यांच्या हिशेबाने जगातला एकमेव धड खर्रा मिळायचा. आई गेल्यावर ते पुरानी बस्तीत माझ्याकडे राहायला आले. माझा नवराही रेल्वेतच, आठवड्यातले चार दिवस बाहेर. त्यामुळे घरात वाद घालायला मी आणि बाबा, दोघंच. आम्ही त्या बाबतीत कधी कसूर केली नाही.

यात गंमत अशी की माझी नोकरीच लोकांना तंबाखू सोडायला सांगण्याची होती. आरोग्य खात्याच्या प्रचाराच्या टेबलावर मी बसायचे. मंत्र्यांची भाषणं लिहायची, भिंतींवर रंगवायच्या घोषणा ठरवायच्या, कार्यक्रम झाला की बातमी आणि फोटो वर्तमानपत्रांना पाठवायचे. मंत्रालय नव्या रायपूरला हलून दोन-तीन वर्षं झाली होती. सकाळी स्टाफच्या बसने पाऊण तास जायचं, संध्याकाळी पाऊण तास यायचं. एवढाले रुंद रस्ते, आणि त्यावर बहुतेक वेळा आमचीच बस. मी त्या बसमध्येच भाषणांचे कच्चे खर्डे करायचे. "तंबाखू घर को खा जाता है", "आज छोड़िए, कल मुस्कुराइए", असलं सगळं त्या प्रवासातलं आहे.

आणि ज्यांच्या तोंडी ते घालायचे, ते आमचे मंत्री स्वतः जर्दा खायचे. चोरून नव्हे. गाडीत, चेंबरमध्ये, फाईल वाचताना. डावा गाल कायम थोडा फुगलेला. हे साहेब खात्यात आले तेव्हा त्यांच्या पीएने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. बातमी चारच्या आत गेली पाहिजे, स्वागत करणाऱ्यांची नावं गाळायची नाहीत, आणि साहेबांचा फोटो उजव्या बाजूचा. लेखी कुठेच नव्हतं. आमचा फोटोग्राफर मंचावर चढायचा तोच उजवीकडून. कार्यक्रमाच्या आधी पीए पाण्याची बाटली घेऊन साहेबांच्या जवळ सरकायचा, साहेब मंचामागे जाऊन चूळ भरून यायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लग्नात नवरीचा चेहरा बरा दिसेल असा कोन बघतातच की.

बाबांना हे सगळं मीच सांगून बसले होते. ते राहायला आल्या आल्या, पहिल्या महिन्यात, हसत हसत. ते त्यांनी पक्कं धरून ठेवलं.

"तुह्या मंत्र्याले सांग आधी," ते म्हणायचे. "त्याच्या गालात काय आहे ते अख्ख्या रायपूरले मालूम आहे. अन् तू मले शिकवून राहिली."

"बाबा, मंत्र्याच्या गालाशी काय करायचं तुम्हाले? तुमच्या गालाचं पाहा ना."

"आरोग्यमंत्री तो आहे का मी?"

यावर मी चिडायचे. कारण माझं मत अगदी पक्कं होतं, आणि ते अनुभवातून आलेलं होतं. यांच्या आधीचे मंत्री फार निर्मळ माणूस. पहाटे उठून योगासनं, दुधी भोपळ्याचा रस, रात्री आठला जेवण बंद. त्यांचा सकाळच्या फिरण्याचा फोटो कुठल्याही बाजूने काढा, छानच यायचा. मी त्यांच्या दिनचर्येवर एक पुस्तिकासुद्धा केली होती, रंगीत. पण गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत दातांचे डॉक्टर आणि खुर्च्या देण्याची फाईल त्यांच्या टेबलावर पडून राहिली ती राहिलीच. दर वेळी ती काही तरी शंका लिहून परत यायची. मग हे जर्देवाले आले. त्यांनी ती फाईल पहिल्या महिन्यात काढली, सचिवांना समोर बसवून एकेक शंका निकालात काढली आणि सही केली. रायपूरजवळच्या अभनपूरच्या दवाखान्यात दातांची खुर्ची आली ती या माणसामुळे.

म्हणून मी बाबांना सांगायचे, मंत्री काय खातो ते बघायचं नसतं, सही कशावर करतो ते बघायचं असतं. मला हे वाक्य फार आवडायचं. ऑफिसातही मी ते दोन-चारदा ऐकवलं होतं.

बाबा ते ऐकून घ्यायचे आणि आपलंच पुढे चालवायचे. "हे पाय, त्याच्याजवळ मोठे मोठे डॉक्टर हात बांधून उभे राहाते. काही खतरा असता त त्याले आधी सांगतलं असतं ना डॉक्टरायनं? तो सोडून राहिला का? नाई. मंग मी काहून सोडू?"

त्यांचं हे म्हणणं मला तेव्हा निव्वळ आडमुठेपणा वाटला. आज वाटत नाही. आपण पोस्टरवरचं वाचत नाही, पोस्टर लावणाऱ्याकडे बघतो. आतल्या माणसाला खरं काय ते ठाऊक असणार, असं धरून चालतो. मीही तसंच करते. डॉक्टर स्वतः कुठलं औषध घेतो ते मी नक्की विचारते.

पण तेव्हा मला राग यायचा, कारण मला भीती वाटत होती. रोज सकाळी चहा पिताना मी बाबांच्या तोंडाकडे बघायचे. पोळी आता चहात भिजवल्याशिवाय जात नव्हती. तिखट तर बंदच झालं होतं. सावजी मटण खाऊन नाकातून पाणी काढणारा हा माणूस, वरणात चिमूटभर तिखट पडलं तर ताट सरकवायचा. मी रडायचे, ओरडायचे, एकदा तर खर्ऱ्याची पन्नी नालीत फेकली. ते पायजमा बदलून स्टेशनवर गेले आणि दुसरी घेऊन आले.

अभनपूरला मुखतपासणीचं शिबिर ठरलं ते अशा दिवसांत. मंत्री येणार, भाषण माझं, फोटोही मीच निवडायचे. दवाखान्याच्या आवारात मांडव, समोर बायकाच जास्त. पंचायतीने ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आणलेल्या. त्यातल्या कित्येकींच्या हिरड्या काळ्या, कारण इकडे बाया सकाळी गुडाखूने दात घासतात. तंबाखू आणि गुळाचा तो मऊ लगदा, छोट्या डबीत मिळतो. सवय लागली की मग दिवसातून चार वेळा दात घासावेसे वाटतात.

मंत्र्यांनी माझं भाषण सुरू केलं. "माताओ और बहनो, तंबाखू एक धीमा ज़हर है," इथपर्यंत आले असतील, तोच मांडवाच्या मध्यातून एक म्हातारी उभी राहिली. हातातली डबी वर धरून म्हणाली, "पहिली तैं छोड़ ना मंत्रीजी, फेर हमन ला कहिबे!"

आधी तू सोड, मग आम्हाला सांग. सगळा मांडव हसला. पोलीस त्या म्हातारीकडे सरकले. मी कपाळाला हात लावला आणि उद्याच्या बातमीत हे कसं गाळायचं याचा विचार सुरू केला.

मंत्र्यांनी हाताने पोलिसांना थांबवलं. माझा कागद घडी करून खिशात घातला. "सही कहत हस दाई," ते म्हणाले. "महूँ खाथंव. छूटय नहीं. अउ मोला डर घलो लागथे." मीही खातो, सुटत नाही आणि भीतीही वाटते, असं एक मंत्री माईकवरून सांगत होता. मग म्हणाले, "चल दाई, पहिली मैं देखाहूँ. मोर पाछू तैं." आधी मी तोंड दाखवतो, माझ्यामागून तू.

लोकांना वाटलं, पुढारी आहे, बोलायला काय जातं. पत्रकारांनाही तसंच वाटलं असावं. भाषण संपताच ते सवयीने नाश्त्याच्या पाकिटांकडे गेले, कारण बातमी तर माझ्याकडून येणारच होती. मंत्री मात्र खरंच मंच उतरून दवाखान्यात गेले. त्या नव्या खोलीत पीए, फोटोग्राफर, मी, खुर्चीशी उभी असलेली एक तरुण डॉक्टर आणि दाराशी ती म्हातारी, एवढेच.

साहेब खुर्चीवर आडवे झाले. डॉक्टर पोरगी घाबरलेली. "सर, मुँह खोलिए... थोड़ा और... और?"

"इतना ही खुलता है, बेटा," साहेब म्हणाले.

मी अगदी जवळ उभी होते. दोन बोटं. बाबांच्याइतकंच. तिने दिवा आत टाकला, आरसा फिरवला आणि एका जागी थांबली. मग तिने कागदावर खूण केली. साहेबांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. फोटोग्राफर नेमका डाव्या बाजूला अडकला होता, कारण उजवीकडे दिव्याचा खांब. त्याने तिथूनच फोटो काढला.

साहेब उठले. डॉक्टरला म्हणाले, "जो टुकड़ा लेना है, ले लेना. तारीख बता देना." आणि म्हातारीला खुर्ची दाखवली. ती बसली. तिच्यामागे रांग लागली, आणि ती रांग तीन वाजेपर्यंत सरली नाही. मी आजवर पुष्कळ शिबिरं पाहिली, पण पाहुणे गेल्यावरही न मोडलेली अशी रांग एवढी एकच.

साहेब गाडीत बसत असताना मी त्यांना विचारलं, "सर, फोटो कौन सा भेजूँ?"

ते दमलेले दिसत होते. म्हणाले, "आपको जो ठीक लगे."

एवढंच म्हणाले. कुणीही मला काही मना केलं नव्हतं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

परतताना बसमध्ये मी फोटो पाहिले. खुर्चीतला फोटो भयंकर होता. वासलेलं अर्धं तोंड, डावा गाल ओढलेला, डोळे छताला लागलेले, बोटं दांड्यावर पांढरी पडलेली. मंचावरचा फोटो नेहमीसारखा, उजव्या बाजूचा, हात वर, हसरा. मला ठरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. असे फोटो पाठवायचे नसतात, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसरा विचार आलाच नाही. बातमीत लिहिलं, मंत्रीमहोदयांनी नागरिकांना तंबाखूमुक्त जीवनाचा संदेश दिला. म्हातारी गाळली.

घरी आले ती उड्या मारतच. चपलाही न काढता बाबांना सगळं सांगितलं. म्हातारी काय बोलली, साहेब काय बोलले, दोन बोटं, तुकडा काढायची तारीख. "आता सांगा! तो जाऊन राहिला ना? आता तुम्ही चालता का नाई?"

बाबा ऐकत होते. खरं सांगते, त्यांचा चेहरा बदलला होता. गालातला खर्रा त्यांनी जिभेने एका बाजूला केला आणि विचारलं, "फोटो आहे का?"

आणि इथे मी थांबले. फोटो माझ्या फोनमध्ये होता, पर्समध्ये, हाताच्या अंतरावर. पण बाबांना दाखवला की उद्या ते टपरीवर सांगणार, "दाखव गं तो फोटो," म्हणून माझ्या मागे लागणार, कुणी तरी तो मागून घेणार आणि संध्याकाळपर्यंत तो शहरभर होणार. खात्याच्या फोटोग्राफरने काढलेला, माझ्याकडून बाहेर गेलेला. नोकरी डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं, "नाई. फोटो निघालाच नाई. गर्दी होती."

"उद्या पेपरात येईन ना?"

दुसऱ्या दिवशी पेपरात आला, तो हात वर केलेला. बाबांनी तो चष्मा लावून नीट पाहिला. बातमीही शेवटपर्यंत वाचली. मग पेपर घडी करून माझ्याकडे दिला.

"पोट्टी, तू भाषणं लिहिते," ते म्हणाले. "हे कालचंही तूच लिहिलं असशीन. माह्यासाठी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. आपली मुलगी बापासाठी एवढी गोष्ट रचते, याचं. मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी तीन दिवस बोलले नाही. विश्वास नाही तर नाही, म्हटलं, मरा. हा शब्द मी मनात वापरला होता. फोनमधला फोटो उघडून समोर धरायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण आधी भीती आडवी आली होती, आणि आता माझा ताठा आडवा आला.

पुढचे आठ महिने आमचं सगळं पूर्ववत चाललं. मंत्र्यांचं खातं बदललं. त्यांनी जर्दा सोडला की नाही, तुकड्यात काय निघालं, मला माहीत नाही. नवे साहेब आले, ते काहीच खात नाहीत. बाबांच्या चट्ट्याची गाठ झाली आणि गाठीची जखम झाली. मग ते स्वतःच एका सकाळी शर्ट घालून दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "चाल." त्या वेळी त्यांच्या तोंडात एकच बोट जात होतं.

ऑपरेशनमध्ये डावा जबडा निम्मा काढला. जीभही थोडी गेली. वॉर्डात त्यांच्या नाकात नळी होती, आणि बोलणं बंद झालेलं होतं. मी त्यांना एक मुलांची पाटी आणून दिली होती. रेल्वेतल्या माणसाचं अक्षर, वळणदार, शेवटपर्यंत तसंच. पाटीवर बहुतेक वेळा "पाणी" किंवा "पंखा" असायचं.

पाचव्या दिवशी दुपारी, मला काय वाटलं कोण जाणे, मी फोन काढला. जुने फोटो मागे सरकवत सरकवत अभनपूरपर्यंत गेले आणि तो फोटो त्यांच्यासमोर धरला. 

बाबांनी फोन हातात घेतला. खूप वेळ पाहिला. बोटाने मोठा करून साहेबांचे डोळे पाहिले, दांडा धरलेला हात पाहिला. मग पाटी ओढली आणि लिहिलं, "हा त भेला आहे. माह्यावानी."

आपण घाबरलो होतो हे बाबांनी त्याआधी मला कधी सांगितलं नव्हतं. एवढं वर्षभर आम्ही मंत्र्याच्या गालावरून भांडत होतो, आणि बाबा नुसते घाबरलेले होते. दुसरा कुणी घाबरूनही खुर्चीवर जाऊन बसला, एवढंच त्यांना बघायचं होतं.

त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "तेव्हा काहून नाई दाखवला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. नाकातली नळी, बांधलेला अर्धा चेहरा, वर झालेल्या भुवया. उत्तर मला येत होतं. मी म्हटलं, "साहेबानं मना केलं होतं, बाबा. बाहेर द्यायचा नाई म्हणून."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. पाटी पुसून त्यांनी मंत्र्याला एक शिवी लिहिली, खास नागपुरी, आणि पाटी माझ्याकडे वळवली.

मी ती वाचली आणि हो म्हटलं.